कात्रीचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



चालकांनी आम्हास विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि आम्ही कळविलेला विषय वाचून त्यांच्यापैकी एकदोघांनी "हा विषय आपल्या व्यासपीठावर कशास?" अशी पृच्छा केली. विमानाचे पंख आणि पवनचक्कीची पाती ज्या संमिश्र पदार्थांची बनतात, त्यांची कापणी करताना माल किती कामी आला आणि किती वाया गेला हे मोजावे कसे, हा तो विषय. वरवर पाहता हा प्रश्न कारखान्यातील इंजिनियरांचा दिसतो. परंतु आमच्या मते यावर बोलण्याचा पहिला अधिकार शिंप्याचा आहे. कारण या प्रश्नाची झळ आपल्या ज्ञातीने जितकी सोसली आहे तितकी दुसऱ्या कोणीही सोसलेली नाही.

ती झळ कोणती हे वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. "शिंप्याने कापड मारले" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले आहे, काहींनी तोंडावर आणि बहुतेकांनी पाठीमागून. गिऱ्हाईक तीन वार कापड आणून देई, सदरा घालून पाही, अंगावरचे कापड नजरेने मोजी आणि उरलेले कोठे गेले असे विचारी. गळ्याचा गोल, मुंढ्याची कमान, बाहीचा उतार यांतून पडलेले तुकडे त्याच्या हिशेबात नसत. त्याने मोजलेले असे दिलेले कापड. शिंप्याने मोजलेले असे लागलेले कापड. दोघांचेही आकडे खरे असत, परंतु ज्याने भागावयाचे तो आकडाच दोघांचा निरनिराळा असल्यामुळे एकाच्या खऱ्यावरून दुसरा चोर ठरे. साख सांभाळणारे जुने कारागीर यावर एक साधा उपाय करीत. कपड्याच्या घडीबरोबर कात्रणांची पुरचुंडी बांधून परत देत. त्या पुरचुंडीत दोन बोटांच्या चिंध्यासुद्धा असत. आजच्या व्याख्यानात आम्ही जे काही सांगणार आहोत, त्याचे सार त्या पुरचुंडीतच आहे.

आता प्रथम हा नवा माल काय आहे ते पाहू. केसाहूनही बारीक असे कार्बनचे तंतू एका दिशेने शेजारी शेजारी मांडून, अथवा त्यांचे कापड विणून, ते चिकट रेझिनमध्ये भिजवितात आणि त्याचा तागा गुंडाळतात. या भिजविलेल्या मालास प्रीप्रेग म्हणतात. याचे ठरावीक आकाराचे तुकडे कापावयाचे, साच्यावर थरावर थर लावावयाचे, आणि मग दाब व उष्णता देऊन ते पक्के करावयाचे. म्हणजे पोलादाशी स्पर्धा करणारा आणि वजनाने हलका असा भाग तयार होतो. बोइंग कंपनीचे 787 हे विमान 15 डिसेंबर 2009 रोजी प्रथम आकाशात गेले. त्याच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे निम्मे वजन अशा पदार्थांचे आहे. आपल्या देशात बनलेले तेजस हे लढाऊ विमान 4 जानेवारी 2001 रोजी प्रथम उडाले. त्याच्या सांगाड्यातही वजनाने सुमारे 45 टक्के भाग संमिश्र पदार्थांचा आहे. याच तेजसची एक उत्पादनशाखा ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या नाशिकला सुरू झाली. तेव्हा ही गोष्ट आता परदेशची नवलाई राहिलेली नाही.

हा माल नाशवंत आहे. आपला मांजरपाट कपाटात दहा वर्षे राहील. प्रीप्रेगचा तागा शून्याखाली 18 अंशांवर गोठवून ठेवावा लागतो, आणि तेथेही त्याचे आयुष्य सामान्यतः वर्षाच्या आसपास असते. बाहेर काढला की त्याचे घड्याळ चालू होते. रेझिनच्या जातीप्रमाणे काही दिवस ते काही आठवडे एवढा काळ तो बाहेर राहू शकतो, आणि हा काळ प्रत्येक वेळेच्या नोंदीने बेरीज करून मोजतात. गोठलेला तागा पिशवीतून लगेच काढावयाचा नाही, नाहीतर हवेतील ओलावा त्यावर बसतो. थोडक्यात सांगावयाचे तर दुधाचा व्यवहार आणि कापडाचा व्यवहार एकाच खोलीत आले आहेत.

आता बेतण्याविषयी. उभा धागा, आडवा धागा आणि उरेब यांतील भेद ज्याच्या बोटांना कळत नाही त्यास आपण शिंपी म्हणत नाही. नेमका हाच भेद येथे जीवनमरणाचा होतो. एका दिशेने मांडलेल्या कार्बनच्या तंतूंत लांबीच्या दिशेने जो जोर असतो त्याच्या मानाने आडव्या दिशेचा जोर कित्येक पटींनी कमी असतो. म्हणून भागाचा आराखडा करणारा इंजिनियर प्रत्येक थराची दिशा ठरवून देतो: कोणता थर उभा, कोणता आडवा, कोणता 45 अंशांवर उजवीकडे झुकलेला आणि कोणता तितकाच डावीकडे. त्या दिशेत काही अंशांचा फरक पडला तरी भागाचे बळ घटते. शिवाय हा तुकडा पालथा घालता येत नाही. पालथा घातला की उजवा उरेब डावा होतो. एक सवलत मात्र मिळते. तुकडा सबंध उलट फिरविला, म्हणजे डोक्याकडचे पायाकडे केले, तर तंतूंची दिशा तीच राहते. मखमलीला तेवढीही सवलत नाही, कारण तिची लव एकाच बाजूस झुकलेली असते. तेव्हा ज्याने मखमलीची चोळी बेतली आहे त्यास विमानाचा थर बेतण्याची भीती वाटण्याचे कारण नाही, असे आम्ही पुष्कळ वेळा म्हणतो आणि इंजिनियर मित्र हसतात. हसोत बापडे.

हे नुसते साम्यही नाही. या यंत्राचा वंशच आपल्या धंद्यातून निघालेला आहे. जोसेफ गर्बर नावाचे एक गृहस्थ 1924 साली व्हिएन्ना येथे जन्मले आणि नाझी अत्याचारातून सुटून 1940 साली अमेरिकेत आले. महाविद्यालयात शिकत असताना आलेख मोजण्यासाठी त्यांनी ताणली जाणारी मोजपट्टी तयार केली, आणि तिचे मूळ साधन म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पायजम्यातील इलॅस्टिक! पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कापड कापणारे स्वयंचलित यंत्र बनविले. टेबलाचा पृष्ठभाग ब्रशाच्या केसांसारखा. त्यावर कापडाचे थर अंथरावयाचे, खालून हवा शोषून ते घट्ट बसवावयाचे, आणि संगणकाच्या हुकमाने सुरी त्या केसांत घुसत चालावयाची. सदरे आणि पाटलोणी कापण्यासाठी जन्मलेली ही यंत्रांची जात पुढे कार्बनच्या खोलीत गेली. फरक एवढाच की कपड्याच्या कारखान्यात एकाच वेळी पुष्कळ थर कापतात, तर प्रीप्रेग बहुधा एकेरीच कापतात.

यंत्राच्या पडद्यावर तुकड्यांची मांडणी दिसते आणि कोपऱ्यात एक आकडा दिसतो, उदाहरणार्थ 75 टक्के. तुकड्यांचे क्षेत्रफळ भागिले मांडणीने व्यापलेले क्षेत्रफळ, एवढाच त्याचा अर्थ. हाच आकडा महिन्याच्या महिन्यास फळ्यावर लिहिला जातो, त्यावरून कोणास शाबासकी मिळते आणि कोणास बोलणी बसतात. आमचे म्हणणे असे की हा आकडा खोटा नाही, पण गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात नाही.

एक उदाहरण घेऊ. ते केवळ समजण्यासाठी रचलेले आहे. समजा तागा 100 मीटर लांब आणि 1.2 मीटर पन्ह्याचा आहे, म्हणजे 120 चौरस मीटर माल विकत घेतला. विमानाच्या एका भागासाठी लागणाऱ्या सर्व तुकड्यांचा एक संच 9.6 मीटर लांबीत बसतो आणि त्यातील तुकड्यांचे क्षेत्रफळ 8.5 चौरस मीटर भरते. दोन्ही काठांस एकेक सेंटिमीटर सोडून यंत्र 1.18 मीटरच पन्हा धरते, म्हणून पडद्यावर 75 टक्के दिसतात. सबंध पन्हा धरला की त्याचे 73.8 होतात. एवढ्यावर भागत नाही. तागा आल्यावर चाचणीसाठी 3 मीटर कापून दिले. मध्ये 2 मीटर दोष निघाला तो गाळला. राहिले 95 मीटर, त्यांत 9 संच निघाले आणि शेवटी 8.6 मीटरांचे शेपूट उरले, ज्यात दहावा संच बसत नाही. नऊ संचांचे क्षेत्रफळ 76.5 चौरस मीटर. 120 शी त्याचे प्रमाण 64 टक्क्यांहून थोडे कमी. शहाण्या कापणाऱ्याने त्या शेपटातून दुसऱ्या भागांचे 4 चौरस मीटरांचे लहान तुकडे काढले असे धरू. आकडा 67 वर आला. पुढे भाग भट्टीतून पक्का होऊन निघाल्यावर त्याच्या कडा छाटतात. त्यासाठी तुकडे मुळातच मोठे ठेवलेले असतात. या छाटणीत 8 टक्के गेले असे समजा, म्हणजे प्रत्यक्ष विमानात 74 चौरस मीटर गेले. पडद्यावर 75 टक्के, आणि खरोखर उडाले सुमारे 62 टक्के.

मंडळी, हे मधले 13 टक्के कोणी मारले?

कोणीच मारले नाहीत. पण पुरचुंडी बांधलेली नसल्यामुळे बोट कापणाऱ्याकडे दाखविले जाते. वास्तविक काठ आणि तुकड्यांमधील फटी हा मांडणी करणाऱ्याचा विषय. शेपूट किती उरावे हे तागा मागविणाऱ्याने आणि कामांचा क्रम लावणाऱ्याने पाहावयाचे. चाचणीचा माल हा सुरक्षिततेसाठी दिलेला कर आहे, त्यास वाया गेला म्हणणे अन्यायाचे. छाटणीची कड किती ठेवावी हे आराखडा करणाऱ्याच्या हाती. म्हणून एकच टक्केवारी न लिहिता प्रत्येक गळतीचे घर वेगळे दाखवावे, आणि शेवटी विकत घेतलेला माल व विमानात गेलेला माल यांचे प्रमाण द्यावे. विमानधंद्यात हे प्रमाण उलट बाजूने सांगण्याची रीत आहे: उडणाऱ्या एका किलोसाठी किती किलो विकत घ्यावे लागले. वरील उदाहरणात ते 1.6 येते. धातूच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेल्या काही भागांत हेच प्रमाण दहापट आणि त्याहूनही अधिक भरते हे ध्यानात घेतले, तर कापडवाल्यांनी लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

दुसरा अन्याय आकारांच्या तुलनेचा. एक गोल तुकडा एका चौकोनात कापला तर 78.5 टक्क्यांपेक्षा अधिक माल लागूच शकत नाही. सारख्या मापाचे गोल मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकमेकांच्या खाचेत बसविले तरी मर्यादा 90.7 ची, तीसुद्धा अमर्याद कापडावर, काठ नसलेल्या. ज्याच्या वाट्यास गोल झाकणे आली आणि ज्याच्या वाट्यास लांब पट्ट्या आल्या, त्या दोघांचे आकडे एका फळ्यावर शेजारी लिहिणे म्हणजे घेराच्या परकराची आणि उशीच्या अभ्र्याची तुलना करणे होय. तयार कपड्यांच्या कारखान्यांत 80 ते 90 टक्के कापड कामी येते, मग तुमच्याकडे तिसरा हिस्सा वाया का जातो, असाही प्रश्न कधी कधी विचारतात. कपड्यांत लहान मोठी अनेक मापे एकाच मांडणीत मिसळता येतात, बाहीच्या बगलेत कॉलर बसविता येते, आणि बहुतेक तुकडे उभ्या धाग्यावरच असतात. प्रीप्रेगमध्ये 45 अंशांचे तुकडे आले की पन्ह्याच्या दोन्ही काठांस त्रिकोणी कात्रणे पडणारच. उरेब पट्टी काढताना कापडाचे कोपरे कसे जातात हे आमच्या भगिनींस ठाऊक आहे. न्यायाची तुलना करावयाची तर त्याच तुकड्यांची आज झालेली मांडणी आणि त्याच तुकड्यांची साधलेली उत्तम मांडणी यांची करावी.

निरनिराळ्या भागांचे तुकडे एका मांडणीत मिसळले तर आकडा सुधारतो. लग्नसराईत एकाच ताग्यातून दहा बंड्या बेतताना जी काटकसर साधते ती एकट्या बंडीत साधत नाही, तसेच हे. पण येथे घड्याळ आड येते. दहा भागांची वाट पाहत तागा बाहेर ठेवला तर काटकसरीत मिळविलेले मुदतीत घालवाल. शिवाय मिसळलेले तुकडे पुन्हा ज्याचे त्याचे वेगळे लावणे हे निराळेच काम, आणि त्यात एक तुकडा चुकीच्या संचात गेला तर सबंध भाग बाद होतो.

आता आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटणारे सांगतो. ज्या माणसाचे बक्षीस एका आकड्यावर अवलंबून ठेविले, तो माणूस आकडाच सुधारील. तुकडा खाचेत बसत नाही, तेव्हा तो तीन चार अंश वळविला तर बसतो. पडद्यावरील टक्केवारी वाढते, आणि थराचे बळ घटते. सदऱ्याची बाही जरा तिरपी कापली गेली तर ती धुतल्यावर पीळ खाते आणि गिऱ्हाईक रागावते. पंखाचा थर तिरपा कापला गेला तर रागावण्यास गिऱ्हाईक उरेलच अशी खात्री नाही. चांगल्या संगणकी व्यवस्थेत ही वळण्याची मुभा कुलूपबंद असते हे खरे. तथापि मुदत संपत आलेला तागा 'आजच संपवा' म्हणून पुढे ढकलणे, दोषाच्या अगदी काठापर्यंत तुकडा नेणे, जोड चालत नाही तेथे जोड लपविणे, हे मोह कुलपाने बंद होत नाहीत. म्हणून आमचे ठाम मत आहे की कापणीच्या टक्केवारीशेजारी बाद झालेल्या भागांचा आकडा लिहिल्याशिवाय ती टक्केवारी कोणत्याही कारखान्याने फळ्यावर लावू नये. नऊ संचांपैकी एक भाग बाद झाला तर त्याबरोबर नवव्या हिश्शाचा माल जातो. मांडणीत दोन टक्के वाचवून ती भरपाई होत नाही.

मोजण्याच्या साधनाविषयी दोन शब्द. कात्रणे तागडीवर घालून वजन करण्याची पद्धत सोपी आहे, परंतु प्रीप्रेगला पाठीशी कागद किंवा पातळ पडदा चिकटलेला असतो. तो न काढता वजन केले तर नासाडी आहे त्याहून जास्त दिसते. चौरस मीटरला 190 ग्रॅम तंतू आणि एकूण वजनात 35 टक्के रेझिन असलेला माल चौरस मीटरला सुमारे 292 ग्रॅम भरतो. पाठीचा कागद यात नाही. कागद काढून केलेल्या वजनावरून क्षेत्रफळ काढावे, ते यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहावे, आणि दोन्ही जुळेनात तर मधली वाट शोधू नये, गळती शोधावी. तसेच काचतंतूचा स्वस्त माल आणि कार्बनचा महाग माल यांची एकत्र सरासरी काढू नये. स्वस्तात वाचविलेले महागात गेलेले झाकते.

कात्रणांपासून पुढे काही बनविता आले, उदाहरणार्थ बारीक तुकडे करून कमी जोराच्या वस्तूंसाठी दाबले, तर ती गोष्ट स्तुत्यच. आपल्या घरांत चिंध्यांच्या गोधड्यांनी पिढ्या ऊब घेतली आहे. पण गोधडीचे कापड सदऱ्याच्या खात्यात कोणी लिहिले नाही. तसेच येथेही पुनर्वापराचे घर वेगळे असावे. ते कापणीच्या आकड्यात मिसळले की आपण स्वतःचीच फसवणूक करतो.

सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या आपण पाहिल्या असतील. अशा पात्यांत मुख्यतः काचतंतूचे कापड असते, आणि ते पुष्कळदा कोरडेच अंथरून मग त्यात रेझिन ओढतात. तेथे बर्फाची कोठी नको आणि घड्याळाची टांगणीही नाही, परंतु ताग्यांची शेपटे आणि निमुळत्या टोकाचे त्रिकोण तेथेही आहेत. अगदी अरुंद पट्ट्या यंत्राने थेट साच्यावर बसविण्याची पद्धतही विमानधंद्यात रुळली आहे. तिने कात्रण पुष्कळ कमी होते, पण यंत्राची किंमत पाहता लहान कारखान्यांत टेबल आणि सुरी बराच काळ टिकतील असा आमचा अंदाज आहे.

श्रीनामदेवरायांची जी पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत, त्यांपैकी एकात गज आणि कात्री ही दोन्ही येतात, आणि गज आधी येतो. आपल्या मुलांनी कात्री सोडली याचे अनेकांस दुःख आहे. आम्हास त्याहून अधिक चिंता वाटते ती गज सुटण्याची. आपल्या ज्ञातीतील जे तरुण आणि ज्या मुली उद्या अशा कटिंगखोल्यांत कामास लागतील, त्यांच्याकडे पडद्यावरचा आकडा वाचण्याचीच विद्या असली तर फळ्यावरचा ठपका त्यांच्याच माथी येईल. तो आकडा उलगडून दाखविण्याची विद्या असली तर तोच फळा त्यांची साक्ष देईल.

याकरिता मंडळापुढे आमची एक लहानशी सूचना आहे. आपल्या शिवणवर्गात प्रत्येक विद्यार्थिनीने वहीत पाच घरे आखावीत: मिळालेले कापड, कपड्यात गेलेले, पुढे वापरता येण्याजोगा तुकडा, चिंधी, आणि बिघडून पुन्हा कापलेले. पहिल्या घराशी उरलेल्या चारांची बेरीज वजनाने जुळली पाहिजे. दहा ग्रॅमांपर्यंतचे अंतर चालेल. यासाठी एक वजनकाटा लागेल, त्याची किंमत आम्ही चिटणिसांकडे देत आहोत. वर्षाअखेर ज्या वहीतील बेरीज सर्वांत नीट जुळेल तीस शैक्षणिक निधीतून पारितोषिक द्यावे, आणि कापड सर्वांत कमी वाया घालविणारीस मात्र स्वतंत्र पारितोषिक ठेवू नये. कारणे वर सांगितलीच आहेत.